चिन्नोर सर्वात शेवटी

सिहोरा, ३ डिसेंबर २०१२, सोमवार

लगागा लगागा लगागा लगागा — आमचं जुनं तेलाचं इंजिन असंच चालायचं. भुजंगप्रयातात! मिलच्या मागंच शाळा. आत गुरुजी कविता म्हणायला लावत, बाहेर इंजिन ताल धरी. पोरं चुकायची, इंजिन कधी चुकलं नाही. आज सकाळपासून तोच आवाज कानात घोळत होता. त्याच नादात मिलमध्ये गेलो. तर दारावर खडूनं लिहिलेलं — आधी जाडा, मग मध्यम, बारीक सर्वात शेवटी.

सूनबाईचं अक्षर!

रिता लग्नाआधी नागपूरला कारखान्यात होती. कोणतं काम कोणत्या मशीनवर कधी चढवायचं, हे ठरवायची म्हणे. आता आमच्या भातगिरणीत तेच. "बाबूजी, जाडा झाला की बारीक, बारीक झाला की पुन्हा जाडा. दर खेपेला जाळी बदला, रोल आवळा. मिल चालते कमी, थांबते जास्त. एकासारखं एक घेऊ." शिवाय एकाचं धान भरडून होत असताना दुसऱ्याचं चाळून तयार पाहिजे. कोणतीच मशीन रिकामी बसायला नको.

बसली तर बसू दे! दारात माणूस उभा आहे ना!

माझा कायदा एकच, वडिलांपासूनचा. डोक्यावरचं आधी, गाडीवरचं नंतर. परसराम पाटलाचा ट्रॅक्टर थांबेल, पण डोक्यावर पोतं आणणारी बाई थांबणार नाही. चालत्या मशीनमध्ये तिचं धान ओतायचं अन् तिला मोकळं करायचं. उगाच नाही गाव मला भैय्याजी म्हणत.

४ डिसेंबर

पंचफुला चिन्नोर घेऊन आली. दोन खेपा केल्या, डोक्यावर. हा वासाचा तांदूळ ती धानाच्या बांधीच्या एका कोपऱ्यात तेवढाच लावते. नातीचं, दीपमालाचं, रविवारी लग्न. खीर याच तांदळाची करायची आहे तिला. मी सर्वांदेखत शब्द दिला — "तुझं सर्वात आधी!"

"पन भैय्याजी, मी का म्हणतो —"

"तू काहीच म्हणू नको!" म्हटलं.

चहा पिऊन येतो तर दारावर — चिन्नोर, शनिवार. सर्वात शेवटी! रविवारी लग्न अन् शनिवारी तांदूळ! मी दिलेल्या शब्दाची किंमत खडूच्या भुकटीएवढी!

५ डिसेंबर

आज स्वतःच पोतं ओढलं. परसरामचा जाडा चालू होता. पोत्याचं तोंड सोडलं, आता ओतणार — मशीन बंद! बटणापाशी गोलू. माझा मुलगा!

"बाबूजी, तिच्या कामात हात नका घालू."

हमाल हसले. डोमा तर त्यांच्यातला जुना, तोच म्हणतो, "भैय्याजी, तुमचा बी नंबर शेवटी लागला का जी?" ज्या मिलमध्ये मी इंजिनाचं हँडल मारता मारता जवान झालो, तिथं मला मशीन बंद करून दाखवतात!

जेवताना रिताला विचारलं, शब्द लहानमोठे पाहून ओळीत लावले तर कविता राहील काय? म्हणाली, "पण बाबूजी, यमकाचा शब्द तर कवितेतही शेवटासाठीच राखून ठेवतात ना?"

जास्तच राग आला. जनाबाई पदर तोंडाला लावून हसली. सारा संसार माझ्यासंग केला, अन् हसली सुनेच्या बाजूनं!

६ डिसेंबर

मिलमध्ये गेलो नाही. नव्या मोटरीचा आवाज ओसरीपर्यंत येतो. एकच सूर. ना लघु, ना गुरू.

७ डिसेंबर

राहवलं नाही. सकाळी मिलच्या मागच्या खिडकीतून डोकावलो. पंचफुलाची पोती कोपऱ्यात नाहीत! दारावर अजून शनिवारच लिहिलेला, अन् पोती गायब! गेली. घेऊन गेली तुमसरच्या मिलला. गाडीभाडं देऊन, लग्नाच्या घाईत! काय करेल बिचारी? कुणाला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात!

येताना वाटेत परसराम भेटला. तो गाड्या भरून जाडा आणणारा, आमचं जुनं गिऱ्हाईक. म्हणतो, "भैय्याजी, यंदा तुमच्या मिलच्या तांदळाले पहिल्यासारखा वास नाही येऊन राहिला. पहिले माह्या जाड्याचा भात बी कसा घमघम करे!"

घ्या! तांदळाचा वास गेला! घाई केली की असंच होतं. मिलची लक्ष्मीच उठून गेली, अन् हिला म्हणे मशीन रिकामी बसायला नको!

घरी येऊन रिताशी बोललो नाही. गोलूशी तर नाहीच.

९ डिसेंबर, रविवार

बँडचा आवाज येतो आहे. दीपमालाचं लग्न. पत्रिका फळीवर आहे. कोणत्या तोंडानं जाऊ? जिला शब्द दिला, तिला माझ्याच दारातून पोती उचलावी लागली!

जनाबाई जाऊन आली. "ऐका तं, तिथी पंचफुला —" म्हणून सुरू झाली. मी उठून अंगणात गेलो. मला ऐकायचं नाही.

१० डिसेंबर

कडी वाजली. दारात पंचफुला! हातात फडक्यानं झाकलेला डबा. इतक्या वर्षांत मिलचं दार सोडून घराची पायरी चढली नव्हती ती. मी गडबडून उठलो. "पंचफुला, माझा शब्द —"

"थांबा जी, भैय्याजी. कवाच बोलू देत नाही तुमी. तुमच्यासाठी नाही आलो मी. सूनबाई कुठी हाये? मीच म्हटलो होतो तिले, माह्यं शेवटी घे, मशीन झाडून-पुसून. बाकीचं भराभरा निपटलं, तं गुरुवारीच काढून देलन तिनं. तुमी दरसाली आधी घ्या, अन् परसरामाचा जाडा माह्या चिन्नोरात ये, माह्यं चिन्नोर त्याच्या पोत्यात जाये. मायेनं करत होते, म्हणून बोललो नाही. यंदा पहिल्यांदा खीर निस्ती चिन्नोरची झाली."

तिनं झाकण सरकवलं. वास घरभर.

रिताला हाक मारली. मीच.