वरच्या फळीवरच्या अकरा साड्या

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार

जोडलं एकदाचं! आजपासून दुकानाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि नवी वेबसाइट एकत्र. इथं गुलमंडीवरच्या दुकानात साडी विकली की वेबसाइटवरचा नग आपोआप कमी; तिकडं विकली की इथला.

चिन्मय खुशीत. "अमृताताई, आता झोपेतसुद्धा विक्री!" त्याचे वडील, लक्ष्मणकाका, गादीवरून म्हणाले, "आणि झोपेत गिऱ्हाइकाला चहा कोण देणार रे?"

७ ऑक्टोबर

पहिली ऑर्डर – नागपूर! आमसुली इरकल, एक नग. वरच्या फळीवरून काढायला गेले आणि हात थांबला. घडीवर चिठ्ठी – 'कडूबाई, बिडकीन, २०११.' अक्षर माझंच.

त्या फळीवर अकरा साड्या आहेत. एखादी बाई म्हणायची, "घरी विचारून येते, ठेवा बाजूला." काका एक पैसा घ्यायचे नाहीत. नाव लिहून साडी वर ठेवायची. ती महिन्यानं येवो, वर्षानं येवो. विकलेल्या नाहीत म्हणून दर मार्चला वर्षाचा हिशेब लिहिताना मी त्या शिल्लक मालात धरते. सॉफ्टवेअरला दोनच गोष्टी कळतात – विकलेलं आणि न विकलेलं. राखलेलं त्याला कुठून कळणार?

पण मला कळत होतं. यादी जोडताना त्या अकरा वगळायला हव्या होत्या. विसरले म्हणू? खरं म्हणजे एकदा आठवलं होतं. काम उरकायच्या घाईत पुढं गेले.

८ ऑक्टोबर

काकांना सांगितलं. ओरडले नाहीत. नुसता चष्मा पुसत बसले – ते जास्त लागलं. "चाळीस वर्षांत शब्द दिलेली एक साडी दुसरीकडं गेली नाही गं."

चिन्मय म्हणाला, "बाबा, चौदा वर्षं झाली! पहिलीच ऑर्डर रद्द केली तर विश्वास कोण ठेवील आपल्यावर?"

"तेच म्हणतोय मी," काका म्हणाले.

ठरलं ते असं – शनिवारपर्यंत कडूबाईंना गाठायचं. त्या नको म्हणाल्या तरच साडी नागपूरला. गाठायचं मी.

९ ऑक्टोबर

दिवसभर चौदा वर्षांपूर्वीचे दिवस डोळ्यांपुढं. दिवाळीआधी पायरीवर चपलांचा ढीग असायचा! बिडकीन, फुलंब्रीच्या बाया सकाळच्या एसटीनं यायच्या, गादीवर ऐसपैस बसायच्या, डबे तिथंच सोडायच्या. शेंगदाण्याच्या चटणीचा वास नव्या कापडाला लागायचा. कडूबाई या साडीचा पदर घेऊन दारातल्या उजेडात गेल्या होत्या. "पोरीला लई खुलंल हे! तिला घेऊनच येते. दुसऱ्या कुणाला देऊ नका बरं, माय." मी तेव्हा तिशीची. "नाही देणार," म्हणाले होते. किती सहज!

१० ऑक्टोबर

बिडकीनला जाऊन आले. दोन घरी विचारलं, तिसऱ्यानं कडूबाईंचं घर दाखवलं. शेत कारखान्यांसाठी गेलं, आता दुमजली घर, दारात गाडी. चिठ्ठी हातात दिली. कडूबाई बघतच राहिल्या.

"कोणतं दुकान म्हणता?"

मग हसू फुटलं. "व्हय व्हय! अहो, पोरीला तवाच दुसरी घेतली की. तिची पोरगी पाचवीत हाय आता. इतकी वर्षं ठेवली? अशी येडी माणसं असत्यात व्हय अजून!"

प्रेमानंच म्हणाल्या. जेवल्याशिवाय सोडलं नाही. साडी खुशाल विका म्हणाल्या.

म्हणजे शब्दही मोडला नाही, माझी चूकही मिटली. परतताना हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बाकीच्या दहा जणीही अशाच विसरल्या असतील का? आणि हे काकांना कोण सांगणार?

११ ऑक्टोबर, शनिवार

नागपूरच्या बाईंना फोन करून माफी मागितली, ऑर्डर रद्द केली. वेबसाइटवर पुन्हा दिसू नयेत म्हणून अकराही साड्या 'खराब माल' लिहून स्टॉकमधून काढल्या. सोळा वर्षांतली माझी पहिली खोटी नोंद.

काका शटर उघडायच्या आधीच येऊन थांबले होते. "काय म्हणाल्या गं?"

"दिवाळी झाली की लेकीला घेऊन येणार आहेत," मी सांगितलं.