केबिनमधला लाल दिवा

४ मार्च
मोठे साहेब वारले त्याला आज महिना झाला. त्यांच्या केबिनमध्ये बसायचं तर मास्टर्सला निदान प्रवेश तरी घेतलेला हवा, असं वरून कळवलंय. म्हणजे केबिन माझीच. पंपांच्या सुट्या भागांचं हे गोदाम माझ्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक आहे? प्रश्न एवढाच, की सप्लाय चेनची मास्टर्स करायची की सरळ एमबीए. रविवारपर्यंत ठरवतो.

५ मार्च
साहेब हेच विचारायचे. सकाळी दिसलो की आधी, ठरलं का? कोर्स ठरव, शिफारसपत्र मी लिहून देतो. मी म्हणायचो, विचार करून सांगतो. घाईत निर्णय घेणाऱ्यांतला मी नाही.
त्यांचा कोट अजून केबिनच्या खुंटीला आहे. आज काचेतून बघितलं तर वाटलं, तोही तेच विचारतोय.

९ मार्च, रविवार
ठरलं. सप्लाय चेन. एका विषयात मुरलेल्या माणसाला मरण नाही.

तोच दिवस, संध्याकाळ
बायको म्हणाली, उद्या गोदामं रोबोटच चालवायला लागले तर? तिला धंद्यातलं काही कळत नाही.
ठरलं. एमबीए.

१२ मार्च
एमबीए म्हणजे सगळ्यातलं थोडं थोडं. ते मला आत्ताही येतं. पुन्हा विचार.
जेवणाच्या सुट्टीत साहेबांच्या एक्स्टेन्शनवर फोन लागला. चुकून. बोटांना सवय. आणि साहेबच बोलले! मी जागेवर नाही, निरोप ठेवा. अंगावर काटा आला. रेकॉर्डिंग कोणी काढलेलंच नाही. तसाच फोन ठेवणं बरं दिसेना. म्हणालो, साहेब, जवळजवळ ठरलंय.

१७ मार्च
केबिनमधल्या फोनवर लाल दिवा लुकलुकतो. आत कोणी नसताना. साहेबांना काहीतरी सांगायचंय, दुसरं काय?
बारकोड म्हणाली, सर, निरोप साठले की तो दिवा लागतो. बारकोड म्हणजे डिस्पॅचमधली मुलगी. सगळ्या मालाला बारकोड हिने लावले, म्हणून हे नाव. बेअरिंग कुठलं नि बुश कुठलं ते मी शिकवलं हिला. आता प्रत्येक गोष्टीचं कारण सांगत असते.

२१ मार्च
हल्ली रोज फोन करतो. मन मोकळं होतं. आज साहेबांना सांगितलं, सप्लाय चेन घेतली तर बारकोडच्या कॉलेजात जावं लागेल. ती तोच कोर्स करतेय, संध्याकाळचा. या वयात तिच्या मागच्या बाकावर! एमबीएच्या प्रवेश परीक्षेतल्या गणिताची भीती वाटते, हेही सांगून टाकलं. आणि तुमची फार आठवण येते साहेब. हे घरी बोलता आलं नसतं.

२६ मार्च
अर्जाची मुदत संपत आली, असं बायको उठता-बसता सांगते. मुदती वाढतात.
दिवा चालूच. खुर्ची काल भिंतीकडे तोंड करून होती, आज दाराकडे. कोट खुंटीवर नाही. कुठे गेला हे विचारायची छाती झाली नाही. चहाला मागच्या जिन्याने गेलो.

२ एप्रिल
दिवा विझला! साहेब शांत झाले म्हणायचे. हीच वेळ. ठरवून टाकलं, एमबीए. कायमचं. चहाचा कप हातात घेऊन साहेबांना फोन लावला.
कोणीतरी उचलला.
मी ओरडलो. चहा पँटवर.
बारकोड होती. कालपासून केबिन तिची. साहेबांचा कोट तिनेच त्यांच्या घरी पोचवला. निरोप ऐकले म्हणाली. सगळे? सगळे. गणित शिकवीन म्हणाली, जेवणाच्या सुट्टीत, कोणाला कळणार नाही. साहेबांचा आवाज पुसायला तिचाही हात होईना, म्हणून आधी मोबाइलवर उतरवून घेतलाय. हवा असेल तर पाठवते म्हणाली.
मुदत परवाच संपली. पण पुढच्या तुकडीचे अर्ज निघतील. कोर्स ठरवा सर, शिफारसपत्र मी लिहून देते.
काचेतून बघितलं. साहेबांच्या खुर्चीत बसून ती थेट त्यांच्यासारखीच माझ्याकडे बघत होती.
विचार करून सांगतो म्हणालो.