पहिली पसंती, नाहीतर काहीच नको

सोमवार, १७ सप्टेंबर
आजपासून रोज लिहायचं. पुढे माझ्याबद्दल कुणाला काही शोधायचं झालं तर आधार हवा.

मी कॉलेज सोडलं ही अफवा आहे. रसायनशास्त्राच्या सरांशी मतभेद झाले, मी ताडकन उठून बाहेर आलो आणि अजून परत गेलेलो नाही. एवढंच. आई शेजारणीला हेच वेगळ्या शब्दांत सांगते.

आज बटाट्याच्या काढणीला दांडी मारून लॉरेन पेल्कीबाईंच्या प्रचार कार्यालयात नाव नोंदवलं. बाई पूर्वी नर्स होत्या. आता मेन राज्याच्या आमच्या उत्तरेकडच्या मतदारसंघातून वॉशिंग्टनच्या काँग्रेससाठी, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसाठी उभ्या आहेत. कार्यालय कोरिन सांभाळते. बँगोर शहरातली आहे. हिरवी लोकरी टोपी घालते. बाई जिंकल्या तर ती त्यांच्याबरोबर वॉशिंग्टनला जाणार.

म्हणजे बाई जिंकल्याच पाहिजेत, आणि कोरिनने मला बरोबर नेलंच पाहिजे. सात आठवडे आहेत. पुष्कळ झाले.

बुधवार, १९ सप्टेंबर
प्रशिक्षण. तिघे उभे आहेत. आपल्या बाई, सध्याचे खासदार टकर, आणि अपक्ष वेन हॅलक. हा रेडिओवर सकाळी बटाट्याचे भाव सांगतो, तेवढ्यावर लोकप्रिय.

आमच्या राज्यात नुसतं मत देऊन भागत नाही. पहिली, दुसरी, तिसरी अशी पसंती लावायची. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नाहीत, तर शेवटचा बाद, आणि त्याच्या मतदारांची दुसरी पसंती मोजायची. कोरिन म्हणाली, हॅलकवाल्यांशी वाद घालू नका, पहिली त्याला द्या पण दुसरी आम्हाला द्या एवढंच गोड शब्दांत सांगा. हे ती तीनदा म्हणाली. तिसऱ्यांदा माझ्याकडे बघून. डोळे राखाडी आहेत.

दुसरी पसंती मागणं म्हणजे भीक मागणं. कोरिन शहरातली, तिला आमच्या खोऱ्यातला स्वाभिमान ठाऊक नाही. मी न सांगता दाखवून देईन.

शनिवार, २२ सप्टेंबर
चर्चमध्ये बीन्सचं जेवण. मोनोंक आल्सीद शेजारी बसले. आमच्याकडे फ्रेंच वळणाने काकाला मोनोंक म्हणतात, आणि हे तर अख्ख्या गावाचे मोनोंक. म्हणाले, "हे बघ पोरा, हॅलक माझा मेव्हणा. त्याला पहिलं दिलं नाही तर घरात जेवण मिळायचं नाही. पण दुसरं तुमच्या बाईला. माझ्या गुडघ्याचं ड्रेसिंग तिनेच केलं होतं."

मी म्हटलं, "मोनोंक, दुसरं असेल तर ते तुमच्याकडेच ठेवा. आम्ही उष्टं खात नाही."

सगळ्या टेबलाने माना वळवल्या. मोनोंकनी चमचा खाली ठेवला. मग म्हणाले, "बरं बाबा, ठेवतो. अगदी बापावर गेलास." आणि बीन्स पुन्हा वाढून घेतल्या.

नक्कीच परिणाम झाला.

गुरुवार, ४ ऑक्टोबर
नदीकाठचा सगळा रस्ता कोरिनने माझ्या एकट्याच्या हवाली केला. तो सगळ्यात लांबचा आहे, म्हणजे विश्वास. आईचं म्हणणं, तिला तू ऑफिसात नको असशील. आईला राजकारण कळत नाही.

आज एकतीस घरं. एकोणीस ठिकाणी दुसरी पसंती देऊ केली, एकोणीस ठिकाणी बाणेदारपणे नाकारली. एका घरी गव्हाच्या नव्हे, बकव्हीटच्या, म्हणजे कुट्टूच्या धिरड्यांचा ढीग समोर ठेवला. घरची बाई म्हणाली, "खा आधी, मग भांड." खाल्ली. मग भांडलो.

बुधवार, १० ऑक्टोबर
मूसच्या, म्हणजे आमच्याकडच्या घोड्याएवढ्या हरणाच्या शिकारीचा आठवडा. घरोघरी नुसत्या बायका, पुरुष सगळे जंगलात. मग मीही जंगलात. शिकाऱ्यांना माणूस ओळखू यावा म्हणून घालायचं नारिंगी जाकीट विसरलो. झाडावरून कुणीतरी ओरडलं, "अरे गाढवा, तुला मूस समजून उडवला असता तर?" मी पेल्कीबाईंबद्दल सांगायला सुरुवात केली. तो म्हणाला, "खाली बस आधी! देतो तिला दुसरं, पण हलू नकोस."

झाडाआडूनच नकार दिला.

शनिवार, २७ ऑक्टोबर
पहिला बर्फ. कोरिनला गाडीतून सभेला सोडलं. ती म्हणाली, "रेमी, तू दमत नाहीस का रे?" असं कुणी उगाच विचारत नाही. मी तिथल्या तिथे सगळं बोलून टाकायला लागलो. ती म्हणाली, "निवडणुकीनंतर बोलू."

नाही म्हणायचं असतं तर नाही म्हणाली असती. वॉशिंग्टनमध्ये खोल्या महाग असतात म्हणे. बघून ठेवतो.

मंगळवार, ६ नोव्हेंबर
मतदान केलं. पहिली पसंती पेल्की. मतपत्रिकेवरचे बाकीचे गोल कोरे. छातीठोक.

बुधवार, ७ नोव्हेंबर
टकर शेकडा सेहेचाळीस, आपण पंचेचाळीस, हॅलक नऊ. कुणालाच निम्म्याहून जास्त नाही. मतपत्रिका कुलूपबंद पेट्यांतून राजधानीला, ऑगस्टाला निघाल्या. आता हॅलकवाल्यांची दुसरी पसंती मोजणार.

कोरिन आनंदाने टेबलावर चढली. म्हणाली, "हॅलकची सगळ्यात जास्त मतं नदीकाठी आहेत. आणि नदीकाठ कुणाचा? रेमीचा!" खाली उतरून तिने मला मिठी मारली.

या क्षणाची सात आठवडे वाट पाहिली होती. मी जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. थंडी होती म्हणून असेल.

संध्याकाळी घरी येऊन मोजणीचा नियम वाचला: दुसरी पसंती कोरी असेल तर ते मत पुढे कुणालाच नाही. मग पुन्हा वाचला.

शुक्रवार, ९ नोव्हेंबर
मोनोंक आल्सीदांकडे सहज गेलो. सहजच विचारलं, चुकून दुसऱ्या पसंतीचा गोल भरला तर नाही ना? म्हणाले, "छे! तूच म्हणालास ठेवा म्हणून. ठेवलं." म्हटलं, बाकीचे लोक? म्हणाले, "मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं ना. पेल्कीबाईंच्या माणसांना दुसरं दिलं की अपमान वाटतो. कुणाचा अपमान करायची आपल्याला काय हौस?"

वर म्हणाले, काही काम असेल तर हक्काने सांगत जा.

कोरिनला उद्या सांगायचं.

शनिवार, १० नोव्हेंबर
कोरिन कामात होती.

सोमवार, १२ नोव्हेंबर
मी कामात होतो.

गुरुवार, १५ नोव्हेंबर
दोनशे बारा मतांनी पडलो. पेल्कीबाई सगळ्यांशी हात मिळवून गेल्या. मला म्हणाल्या, "मेहनत केलीस हो." मी होय म्हणालो.

मतदारसंघभर हॅलकवाल्यांनी दुसरी पसंती भरभरून आपल्याला दिली. फक्त नदीकाठी गोल कोरे. हॅलकच्या तीनशे चाळीसपैकी तीनशे एक. पडद्यावर आकडा आला तेव्हा कोरिनने टोपी काढून मांडीवर ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. शहरातली माणसं धक्क्यात असली की अशीच वागतात.

शुक्रवार, १६ नोव्हेंबर
सकाळी कोरिनचा फोन. ये म्हणाली. निवडणूक संपली होती, बोलू असं तीच म्हणाली होती. आईने इस्त्री केलेला शर्ट घातला.

टेबलावर माझे घरभेटींचे कागद होते. तिने एकेक वाचून दाखवलं. पेल्टिए, दुसरी देत होते, नकार दिला. दाईगल, दुसरी देत होते, झापलं. झाडावरचा माणूस, नाव माहीत नाही, नकार दिला. ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. एवढंच म्हणाली, "रेमी, ही माणसं आपल्याला मतं देत होती रे."

मी म्हटलं, त्या विषयावर माझी बाजू आहे, पण आधी दुसऱ्या विषयावर बोलायचं आहे. तिने कागदांचा गठ्ठा सारखा केला. मग म्हणाली, "आधी या खुर्च्या चर्चला पोचवशील?"

आधी म्हणाली. म्हणजे नंतर आहे.

खुर्च्या चाळीस. बर्फातून चार-चार करून दहा खेपा केल्या. एकही पाडली नाही. शेवटच्या खेपेहून आलो तर कार्यालयाला कुलूप. किल्ली खालच्या न्हाव्याकडे ठेवून गेली होती.

माझ्यासाठी काही निरोप आहे का विचारलं. नाही म्हणाला. थोड्या वेळाने परत विचारलं.