परत पाठवलेली मेल

प्रिय हेमा,

हे फोनवर सांगायची हिंमत होत नाही, म्हणून हाताने लिहितेय. अक्षर लागलं नाही तर शिव्या घाल, पण शेवटपर्यंत वाच.

परवा घाटकोपरला अनंताकाकांकडे गेले होते. आमच्या भाषांतराच्या मेल-गटातले, ते पूर्ण अंध आहेत. तिथे तुझ्या कृणालचं नाव निघालं. काकांचा जुना कॉम्प्युटर आलेली मेल वाचून दाखवतो. कुणी रंगीत, ठळक अक्षरांत लिहिलं की मजकूर राहतो बाजूला आणि तो त्या सजावटीच्या खुणाच बडबडत बसतो. एका दिवाळीला मी लाल-पिवळ्या शुभेच्छा पाठवल्या, तर काकांना पाच मिनिटं नुसते आकडे ऐकावे लागले. कृणालने मला काय झापलं होतं! तेव्हापासून मी त्याला गुरुजी म्हणायचे, आणि त्याचा नियम झाला, गटावर फक्त साधा मजकूर. सजवलेली मेल माझ्याकडे अडकते आणि मी ती परत पाठवते. चूक माझी, म्हणून पहारापण माझाच. मी इतकी कडक झाले की सगळे मला हेडबाई म्हणायला लागले.

त्याच्या तेराव्याला दिंडोशीत, तुझ्या स्वयंपाकघरात, तू विचारलंस की शेवटी त्याने गटावर काही लिहिलं होतं का, कारण तुझ्याशी तर तो काही बोललाच नाही. मी नाही म्हटलं. खोटं बोलले गं.

जायच्या दोन दिवस आधी हॉस्पिटलमधून त्याची मेल आली होती. फोनवरून लिहिलेली मेल आपोआप सजवलेल्यांत मोडते. एरवी तो ते बदलून घ्यायचा, पण त्या दिवशी हाताला सलाईन होतं. मला वाटलं, बरी सापडली स्वारी. मेल उघडली नाही, विषयसुद्धा वाचला नाही. 'गुरुजी, नियम सगळ्यांना सारखा' असं लिहून परत धाडली आणि एकटीच हसत बसले. वाटलं, चिडेल, मग साधी करून पाठवेल. पुन्हा काहीच आलं नाही. तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही.

परत पाठवलेली मेल आमच्याकडे उरत नाही. नोंदीत फक्त विषय राहतो, आणि तो मी कृणाल गेल्यावर पाहिला. 'हेमाबद्दल' एवढंच होतं. काल तू म्हणालीस, रविवारी त्याचा फोन कोरा करून तुझ्याकडे कामाला येणाऱ्या सुगंधाताईंना देणार आहेस. नको देऊस. त्याने पाठवलेल्या मेलमध्ये ती अजून असेल. माझ्यावर काय रागवायचं ते नंतर ठरव, आधी ती वाच.

तुझीच,
मानसी