शेजारचे दोन दात

आबा, परवा माझ्या तोंडात ब्रिज बसवला. ब्रिज म्हणजे पूलच. पडलेल्या दाताच्या दोन्ही बाजूंच्या दातांवर टेकवून मधे खोटा दात धरायचा. गणपतीची मिरवणूक आटपून कागलहून येताना मोटरसायकल घसरली आणि वरचा पुढचा दात मुळासकट गेला. ओठाची जखम भरून आली, पण ट्रम्पेट फुंकलं की हवा त्या फटीतून निसटायची, वरचा सूर फाटायचा. तुळशीची लग्नं लागली की वराती सुरू होणार होत्या.

त्या दिवसांत मला सारखी हातकणंगल्याची ती वरात दिसायची. तुम्ही पुढं ट्रम्पेटवर, मी मागं साइड ड्रमवर. तुम्ही सूर वर चढवता आणि तुमची कवळी सुटून रस्त्यावर पडते. एक पावणा ओरडतो, ‘‘मास्तर, दात बी नाचाय लागलं की!’’ सगळी वरात हसते. तुम्ही कवळी उचलून सदऱ्याला पुसता, खिशात घालता, आणि माझ्यावरच खेकसता, ‘‘तू का थांबलास? वाजीव की!’’ दुसऱ्या दिवशी तुम्ही ट्रम्पेट माझ्या हातात दिलंत आणि माझा ड्रम स्वतःच्या गळ्यात घातलात. का, ते मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाहीत.

म्हणून राजारामपुरीतल्या डॉक्टरीण बाईंना मी सुरुवातीलाच सांगून टाकलं, काढता-घालता येणारा दात नको. हाडात स्क्रू घालून दात बसवता येतो, पण माझं हाड तिथं पातळ झालेलं; आधी ते भरून घ्यायचं, मग कित्येक महिने थांबायचं. ‘‘राहिला ब्रिज,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण शेजारचे दोन्ही चांगले दात तासावे लागतील. एकदा तासले की पुन्हा पहिल्यासारखे होत नाहीत. घरी विचार करून या.’’

घरी तुमची सून भडकली. ‘‘एक गेला म्हणून चांगलं दोन कापून घेतायसा? आणि त्येबी ढिलं पडलं तर?’’ जेवताना मी जीभ त्या दोन दातांवरून फिरवत राहिलो. आयुष्यभर त्यांची कधी आठवण झाली नव्हती.

खुर्चीत आडवा झालो. सुईनं हिरडी बधिर झाली, तरी मशीनचा तो बारीक किंचाळणारा आवाज थेट कवटीत शिरत होता. मधेच मी हात वर केला. बाई थांबल्या. ‘‘दुखतंय?’’ दुखत नव्हतं. एका दाताला सुरुवात झालेली होती. आता उठून जाण्यात अर्थ नव्हता. मी हात खाली घेतला.

ब्रिज तयार होऊन आला; तो कायमचा चिकटवण्याआधी वाजवून बघायला त्यांनी ट्रम्पेट घेऊनच यायला सांगितलं होतं. बाहेर पेशंट बसलेले. मी ब्रिज नुसता अडकवून फुंकलं आणि सूर चिरला. पुन्हा फुंकलं, पुन्हा तेच. बाईंनी ब्रिज काढला, खोट्या दाताची मागची बाजू जराशी घासली, परत घातला. ‘‘ओठ दाबू नका. सावकाश.’’ तिसऱ्यांदा सूर निघाला, सरळ, भरीव. बाहेरून कुणीतरी म्हणालं, ‘‘आरं, हितं लगीन हाय व्हय?’’ मला हसू आलं, आणि हसताना मी तोंडावर हात नेला नाही.

काल पहिली वरात वाजवली. ब्रिज हलला नाही. आता त्या खोट्या दाताखालून रोज दोरा फिरवून साफ करायचं, पुढच्या दातांनी ऊस सोलायचा नाही, एवढी ताकीद आहे.

हा कागद कुठं धाडणार? तुम्ही असता तर तुम्हालाही त्या बाईंकडं नेलं असतं, असं मघाशी लिहिलं आणि खोडलं. खरं म्हणजे तुम्ही ‘‘मला काय झालंय?’’ म्हणाला असता, आणि मी त्याही वेळी गप्पच बसलो असतो.