मुळावरच्या गाठी आणि अर्धं शेत

मी, जिला सारी वस्ती शेंगावाली म्हणते ती, वय एकोणऐंशी (दोन कमी, दोन जास्त), चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवून दाखवून, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या मागची व्यवस्था सांगत आहे. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आहे. लिहिणारे शेजारचे मास्तर. पन्नास वर्षं त्यांनी मला 'अंगठेबहाद्दर' म्हणून चिडवलं; आता मी बोलते आणि ते लिहितात. मास्तर, हेही लिहा.

कलम एक. राहतं घर आणि शिलाई मशीन धाकट्या मुलीला. मशीनची सुई तिनेच मोडली होती, मला माहीत आहे.

कलम दोन. बियाणं चोळायची काठवटही तिलाच. घेवड्याच्या जुन्या शेतातली मूठभर माती साखरपाण्यात कालवून बियाण्याला चोळायची, सावलीत सुकवायचं, त्याच दिवशी पेरायचं. उन्हात नाही. हे मला सासूने शिकवलं. मास्तर सांगतात, त्या मातीत जिवाणू असतात; ते मुळांत घर करून गाठी बांधतात, हवेतला नत्र पकडून रोपाला देतात आणि रोप त्यांना साखर देतं. असेल. म्हणजे माझ्या सासूचं पुस्तकवाल्यांनाही पटलं.

कलम तीन. रस्त्याकडेचं शेत. याचसाठी दोन्ही मुलं बाहेरच्या खोलीत बसली आहेत. थोरला म्हणतो, "मला काही नको," आणि दाराला कान लावतो.

बावीस वर्षांपूर्वी तो पिकांच्या रोगांचं शिकून आला. घेवड्याच्या मुळांवर गाठी पाहिल्या आणि ओरडला, "आई, कीड लागली!" मी बाजारातून येईपर्यंत अर्धं शेत उपटून बांधावर. उरलेल्या अर्ध्यासमोर मी आडवी झाले. "अरे शहाण्या, किडीने मूळच फुगतं. ही गाठ वरची, नखाने सुटते. फोड आणि बघ." फोडली. आत लालेलाल, म्हणजे गाठ जिवंत, कामात. म्हटलं, "आता सांग, आजारी कोण?"

पुढच्या हंगामात तिथे गहू केला. घेवडा राहिला होता तो अर्धा काळाशार हिरवा, उपटलेला अर्धा पिवळा, मधोमध दोरी धरून आखल्यासारखी रेघ. लोक गाड्या थांबवून विचारत. मी प्रत्येकाला सांगितलं, फुकट. थोरला वर्षभर मागच्या वाटेने घरी यायचा.

तेव्हाच ठरवलं होतं, शेत धाकटीला. पण परवा त्याला घेवड्याच्या शेतात लांबून पाहिलं. त्याने एक रोप उपटलं, कोणी बघत नाही ना पाहिलं, नखाने गाठ फोडली आणि एकटाच हसला. मग ते रोप परत मातीत रोवलं, हाताने दाबलं, ओंजळीने पाणी घातलं.

सबब, शेत थोरल्याला. अटी दोन. दर पेरणीला काठवट बहिणीकडून मागून आणावी. तिने एकदा तरी नाही म्हणावं. आणि दरवर्षी घेवडा फुलावर आला की सगळ्यांसमोर एक गाठ फोडून त्याने मोठ्याने म्हणावं, "हा रोग नाही."

ठिकाण: माझ्या स्वयंपाकघरातलं टेबल. दिनांक: घेवड्याला फुलं आल्याचा तिसरा दिवस, आकडा मास्तर घालतील.

साक्षीदार: डॉक्टरीणबाई (सही). समोरचा सायकलवाला (सही, तेलाच्या बोटांसकट).

निशाणी: डाव्या हाताचा अंगठा. मास्तर म्हणाले, "आधी हात धुवा." धुणार नाही, आत्ताच घेवड्यातून आले आहे. शाईच्या कडेला लालसर डाग उमटेल, ती चूक समजू नये. कोणाला शंका आलीच तर थोरल्याला दाखवा. तो ओळखेल.