पावणेदोन किलो

माझ्या राजा,

तुझी लेक सव्वातीन किलोची आहे, हे मी काल लिफ्टवाल्यालासुद्धा सांगितलं. गाल असे गुबगुबीत! नाक मात्र तुझ्यावर गेलंय, त्याला इलाज नाही.

नर्सबाई कागद भरत होती. "आजी, बाळाच्या बाबांचं जन्माचं वजन किती होतं?"

मी तोऱ्यात म्हटलं, "पावणेदोन किलो! आठव्या महिन्यापर्यंत कुणाला पोट कळलं नाही माझं."

तिचं पेन थांबलं आणि मी बोलत सुटले. शिवणाच्या कारखान्यात पोटुशी बाई दिसली की घरी पाठवायचे. तुझे बाबा तर बसूनच होते. मग मी पोटावर पट्टा आवळायचे, एकच वेळ जेवायचे.

ती हळूच म्हणाली, "पोटात उपासमार झालेल्या बाळांना पुढे साखरेचा, हृदयाचा त्रास जास्त होतो, आजी. तुमच्या मुलाच्या दुखण्याचं तेच कारण असेल असं नाही, पण..."

ते 'पण' काही केल्या डोक्यातून जात नाही.

तुला ताण द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणून हे पत्र माझ्या पिशवीतच राहील.

काल नर्सबाईशी बोलून मी वर हृदयाच्या वॉर्डात आले, तुला बातमी दिली. तू हसलास, मग म्हणालास, "आई, खाण्याबाबत तुझं ऐकलं असतं, तर चौतिसाव्या वर्षी ही वेळ आली नसती."

सगळं ठाऊक असून मी 'हो' म्हणून मान हलवली रे.

तुझी आई,
कालपासून आजी